तानूअक्कांचा माठ आणि अष्टग्रही

लिही. आधी नाव लिही, तानूबाई. माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण, म्हणजे तुझ्या आजोबांची आत्या. घरात आम्ही आत्याबाई म्हणायचो. बाहेर अख्खं गवीपूर त्यांना तानूअक्का म्हणायचं, कन्नड बोलणारेसुद्धा आणि आपले मराठीसुद्धा. त्यांचा एकही फोटो नाही बघ घरात. म्हणून म्हटलं कल्पना, तुला बसवावं आणि सांगावं, मला आठवतंय तोवर.

आपण मूळचे रंगारी. तुझे आजोबा कारखान्यात लागले आणि ते सुटलं, पण मी लग्न होऊन आले तेव्हा घरात रंगकामच चालायचं. बसवनगुडीकडनं गवी गंगाधरेश्वराच्या देवळाकडं उतरायला लागलं की डाव्या हाताला आपलं घर. पुढची खोली श्रीधरराव मास्तरांना भाड्यानं दिलेली, ते हायस्कुलात सायन्स शिकवायचे. मधल्या दोन खोल्यांत आम्ही सगळे. आणि मागं परसात माठ.

माठ म्हणजे पाण्याचा नव्हे गं. निळीचा. माणूस उभा राहील एवढा मातीचा, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला, अगदी मागच्या भिंतीला लागून. त्यात निळीच्या वड्या, चुना, गूळ आणि टाकळ्याचं बी शिजवून घालायचं. मग ते सगळं आंबतं. चांगलं आंबलं की वर तांब्यासारखा चमकणारा फेस धरतो, त्याला फूल म्हणायचं. आणि वास? अगं आई! नवीन आले तेव्हा मला वाटलं परसात म्हैस मरून पडलीय आणि ही माणसं खुशाल जेवताहेत. पुढं पुढं तो वास आला नाही की चुकल्यासारखं व्हायचं.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, नागोजीराव, ते रेशीम रंगवायचे. पुड्यांतला रंग, चुलीवर पाणी, सकाळी टाकलं की संध्याकाळी वाळत. माठ मात्र आत्याबाईंचा. लहानपणी विधवा होऊन माहेरी आल्या, तेव्हा बापानं ढवळायची काठी हातात दिली ती कायमचीच. सकाळी चहाच्या आधी झाकण काढायच्या, वास घ्यायच्या, करंगळी बुडवून जिभेला लावायच्या. "आज गोडावलाय." "आज चिडलाय मेला, गूळ दे थोडा." निळी करंगळी होती बाईची, मरेपर्यंत.

आणि प्रश्न! शाळा त्यांना माहीत नव्हती, मला तरी कुठं होती. पण मी आपली जे आहे ते आहे म्हणून गप्प बसणारी. त्यांचं तसं नाही. थंडीत विहिरीचं पाणी कोमट का लागतं, आत कोण चूल पेटवतं? मी चालले की चांदोबा चालतो आणि मी थांबले की थांबतो, मग त्याच वेळी समोरची फुलवाली यल्लव्वा उलट्या दिशेनं चालली तर तो कुणाचं ऐकतो? वारा पडतो म्हणतात, तर पडतो तो कुठं? बर्फवाल्याला विचारायच्या, कंडक्टरला विचारायच्या, सुरीला धार लावणाऱ्याला सुद्धा सोडायच्या नाहीत. तो बिचारा चाक फिरवता फिरवता म्हणायचा, "अक्का, ठिणगी कुठनं येते मला नाही माहीत, तुमची विळी द्या."

संक्रांतीला गवीच्या देवळात ऊन येतं ना, नंदीच्या शिंगांमधनं थेट पिंडीवर, ते बघायला केवढी गर्दी व्हायची. आत्याबाई पुढं घुसून पुजाऱ्यांना विचारायच्या, "काहो, आज संक्रांत आहे हे सूर्याला कळतं कसं? पंचांग तो बघतो की आपण त्याचं बघून लिहितो?"

पुजारी म्हणाले, "अक्का, तुम्ही स्वल्प बाजूला व्हा. ऊन अडतंय."

मास्तर राहायला आले आणि आत्याबाईंना घरातच माणूस मिळाला. मास्तर भला माणूस. त्यांच्या प्रश्नांना कधी हसले नाहीत. माहीत असेल ते सांगायचे आणि नसेल तर सरळ "माहीत नाही अक्का" म्हणायचे. रशियानं आकाशात तो चेंडू सोडला त्या वर्षीचं सांगते. आत्याबाईंनी विचारलं, खाली का नाही पडत तो? मास्तरांनी पाण्यानं भरलेला तांब्या दोरीला बांधला आणि परसात गरगर फिरवला, डोक्यावरनं सुद्धा. थेंब पडला नाही. मग म्हणाले, असंच काहीसं समजा. आत्याबाई म्हणाल्या, द्या बघू इकडं. त्यांनी फिरवला, आणि फिरवता फिरवता मध्येच थांबल्या, कारण त्यांना दुसरा प्रश्न सुचला. सगळं पाणी मामंजींच्या अंगावर. मामंजी पूजा करून नुकते बाहेर आले होते.

"अक्का, तुझ्या प्रश्नांनी एक दिवस हे घर बुडणार आहे!"

"पाण्यानं बुडतंय होय? मग विहिरीतलं घर कसं नाही बुडत, बेडकाचं?"

असं चालायचं.

आता मुद्द्याचं. माठ जिवंत असतो बघ. त्याला खायला लागतं, ऊब लागते आणि तो रुसतोसुद्धा. रुसला की फूल मरतं, पाणी राखेसारखं होतं, सूत बुडवलं की मळकं निघतं. मग त्याला उठवायचा आपल्या लोकांचा एक उपाय होता. ऐकून हसू नको. गावात एक थाप सोडायची. कुणाचं नुकसान होईल अशी नाही, पण चांगली मोठी, ऐकून माणूस हातातलं काम टाकेल अशी. ती जसजशी तोंडातोंडी पसरेल तसतसा माठ उठतो. लोक फुगले की माठ फुगतो, असं म्हणायचे. माझ्या लग्नाच्या पुढच्या वर्षी माठ रुसला तेव्हा मामंजींनी सोडलं होतं की दोड्ड बसवण्णा पहाटे उठून तळ्यावर पाणी पिऊन आला. एवढा दगडाचा नंदी! लोक खुरांचे ठसे शोधायला गेले, आणि दोघांना सापडलेसुद्धा. माठ उठला.

आत्याबाई सगळं बघायच्या आणि म्हणायच्या, "नागोजी, माठाला कान कुठं आहेत?"

"तुला कशाला पाहिजेत कान? उठला ना?"

मग आलं बासष्ट साल. अष्टग्रही. तू पुस्तकात वाचलं नसशील, पण आमच्या पिढीत कुणालाही विचार. आठ ग्रह एका राशीत येणार, पौषातल्या आवसेला, आणि जग बुडणार. जिकडं तिकडं होम, जप, भजनं. बाजारात तूप मिळेना. माणसं गावाला पळायला लागली, मरायचंच तर आपल्या मातीत म्हणून. आपल्या मागच्या भिंतीला लागून शिवाप्पाची चुरमुऱ्यांची भट्टी होती. शेंगांच्या जत्रेला तर दिवसभर धगधगायची. तोही संक्रांत झाल्या झाल्या भट्टी विझवून, बायकापोरं घेऊन, मागडीकडं आपल्या गावाला गेला. जाताना आत्याबाईंना नमस्कार करून गेला. "वाचलो तर येतो अक्का."

"आणि नाही वाचलास तर?" आत्याबाईंनी विचारलं.

शिवाप्पा विचारात पडला. "मग तुम्हीच या," म्हणाला.

तो गेला आणि थोड्या दिवसांत आपला माठ रुसला. असा की आधी कधी नव्हता. फूल नाही, वास नाही, पाणी नुसतं गढूळ. आत्याबाईंनी गूळ दिला, बी दिलं, रोज ढवळलं. काही नाही. मामंजी काठावर उभे राहून म्हणाले, "अक्का, पुरे आता. आवसेपर्यंत बघतो. नाही उठला तर उपसून गटारात, आणि इथं हौद बांधतो माझ्या रंगाला. पुडीचा निळा आहे की, दोन तासांत तयार. हे म्हातारं कशाला सांभाळायचं?"

आत्याबाईंनी काठी भिंतीला टेकवली. नंतर माझ्याजवळ येऊन बसल्या. तुझा बाप तेव्हा दीड महिन्याचा, माझ्या मांडीवर. मी अष्टग्रहीच्या भीतीनं रडत होते. त्या म्हणाल्या, "कस्तुरे, रडू नको. जग बुडालं तर सगळ्यांचंच बुडेल, त्यात काय एवढं. माठ गेला तर माझा एकटीचा जाईल. मग मी सकाळी उठून काय करायचं गं या घरात?"



मामंजी काही दुष्ट नव्हते हं. बोलले तसे, पण उपायही केला. थाप सोडली, लालबागेच्या तळ्यात मगर निघाली आणि माळ्याची छत्री खाऊन गेली. चांगली थाप होती. पण कुणी ढुंकून बघेना! यल्लव्वा तर मामंजींच्या तोंडावर म्हणाली, "जग बुडायला आलंय आणि तुम्ही मगरीचं काय सांगता अण्णा? मगर पण बुडणारच की."

मामंजी घरी आले, बसले आणि विचार करायला लागले. ते विचार करायला लागले की मला धडकी भरायची. एकदम म्हणाले, "मी कशाला थाप सोडतोय? जग बुडणार ही एवढी मोठी थाप अख्ख्या देशात फिरतेय. ह्याच्यापुढं मगर काय! एवढ्या थापेनं माठ उठलाच पाहिजे."

आम्ही सगळे माठाकडं बघत बसलो. एक दिवस गेला, दुसरा गेला. माठ तसाच.

आणि मग मामंजींचा चेहरा पांढरा पडला. "अक्का, एवढी थाप फिरतेय आणि माठ उठत नाही. म्हणजे…" त्यांनी माठाकडं बघितलं. "म्हणजे ही थाप नाही. खरं आहे."

आता तू हसतेस. पण तेव्हा ते असं डोक्यात बसलं म्हणून सांगू! बापजाद्यांपासूनची रीत, माठ कधी चुकत नाही. मी तुझ्या बापाला घट्ट धरलं. गोष्ट आपल्या घरात राहीना. यल्लव्वाला कळली, मग आळीला कळली. सकाळपासनं लोक परसात. "उठला का हो माठ?" देवदर्शनाला यावं तसे यायचे, वाकून बघायचे, तोंड पाडून जायचे. एकानं तर माठाला हळदकुंकू वाहिलं. आत्याबाई ओरडल्या, "आत नका पाडू रे! आधीच आजारी आहे तो!"

शेवटी त्या मास्तरांकडं गेल्या. मी दारातच होते. "मास्तर, खरं सांगा. थाप ऐकून माठ उठतो का?"

मास्तर म्हणाले, "मी कधी माठ लावला नाही अक्का. मला काय सांगता येणार? पण एक विचारतो. तो आजारी पडला त्याच्या आधी तुमच्याकडं बदललं काय?"

"काही नाही. पाणी तेच, चुना तोच, मी तीच."

"आठवा बघू. काहीतरी असेल."

त्या परसात येऊन माठाजवळ बसल्या. मी तिथंच मागच्या भिंतीवरनं तुझ्या बापाचे लंगोट काढत होते, आणि माझी कटकट चालली होती. "मेले वाळतच नाहीत हल्ली. आधी भिंतीवर टाकले की तासाभरात कडक. आता दोन दिवस झाले तरी ओले."

"काय म्हणालीस?"

मला वाटलं रागावल्या. "काही नाही आत्याबाई, लंगोट…"

त्या उठल्या आणि भिंतीला गाल लावून उभ्या राहिल्या. असे दोन्ही हात पसरून, लहान मूल आईला बिलगतं तशा. भिंत गार दगड. मग वळल्या, त्यांचे डोळे असे चमकत होते! "कस्तुरे, शिवाप्पाची भट्टी! ह्याला थंडी वाजतेय गं. एवढी वर्षं शेजारच्या भट्टीवर शेकत बसला होता लबाड, आणि मी समजत होते माझ्या गुळावर जगतोय."

मग काय विचारतेस! माझी बाळंतपणाची शेगडी होतीच पेटलेली, ती माझ्या खाटेखालनं ओढून नेली. माठाभोवती जमीन उकरून कोंडा भरला, वर गोणपाटं गुंडाळली, कढत पाण्याची मडकी टेकवून ठेवली. गूळ कोमट करून पाजला. तुझ्या बापाचं दुपटंसुद्धा झाकणावर घातलं. मामंजी बघतच राहिले. "अगं बाळंतीण आहे काय ती? आता ओवा आणि डिंकाचे लाडू पण चारा!"

"चालत असते तर चारले असते," आत्याबाई म्हणाल्या.

आवस रविवारी लागायची होती. शनिवारी झाकण काढलं तर वास होता. नुसता थोडासा, पण होता. मी, जिला नवी असताना त्या वासानं ओकारी यायची, ती मी आनंदानं ओरडले. रविवारी सकाळी वर फूल. तांब्यासारखं, चमचम. आत्याबाईंनी करंगळी बुडवून जिभेला लावली आणि डोळे मिटले. 

तोवर परसात माणसं भरलेली. मामंजींनी पांढऱ्या सुताची लड बुडवली, थोडा वेळ धरली आणि वर काढली. निळीचं सूत माठातनं निघतं तेव्हा निळं नसतं बघ, पिवळट हिरवं असतं. वारा लागला की बघता बघता निळं होतं. सगळे श्वास धरून. हिरवं, मग मोरासारखं, मग निळं झालं!

यल्लव्वा ओरडली, "सुळ्ळु! सुळ्ळु!" म्हणजे खोटं, खोटं! झालं. परसात नुसता कल्ला. माठ उठला म्हणजे अष्टग्रही ही थाप! जग बुडत नाही! कुणी साखर वाटली, कुणी मामंजींच्या पाया पडलं. मी पण रडत रडत हसत होते. आणि त्या गोंधळात आत्याबाई एकट्या घसा फोडून सांगताहेत, "अरे, शेगडीनं उठलाय तो! शेगडीनं! थंडी वाजत होती त्याला!" कोण ऐकतंय!

मास्तर कोपऱ्यात उभे राहून इतके हसत होते की त्यांनी चष्मा काढून पुसला. आत्याबाईंनी त्यांना गाठलं. "तुम्ही तरी सांगा मास्तर, शेगडीनं ना?"

"अक्का, मला वाटतंय शेगडीनंच. पण थापही फिरत होती आणि शेगडीही होती. दोन औषधं एकदम दिली की कुठलं लागू पडलं, ते कसं सांगणार?"

आत्याबाईंना ते इतकं पटलं की त्याचाच राग आला! जग वाचलं त्याचं त्यांना काही नाही, हेच डोक्यात. "दोन एकदम द्यायला नको होती," म्हणत दिवसभर फिरत होत्या.

मामंजींनी मात्र हौदाचं नाव परत काढलं नाही. "ज्या माठानं जगाचं सांगितलं, तो मी उपसू? अक्का, तू असेपर्यंत तुझा," म्हणाले. चुकीच्या कारणानं का होईना, राहिला तो माठ.

शिवाप्पा परत आला तो खाली मान घालूनच. आत्याबाईंनी त्याला परसात बोलावून घेतलं आणि असं झाडलं, असं झाडलं! "जग बुडू दे नाहीतर तरंगू दे, भट्टी विझवायच्या आधी मला सांगायचं. समजलं?"

"सरी अक्का. सरी." म्हणजे बरं, बरं.

त्यानं ते पाळलं. जत्रेला जायचं असो, सोयरिकीला जायचं असो, आधी परसात येऊन सांगायचा, "अक्का, दोन दिवस नाही." की आत्याबाई शेगडी काढायच्या. पुढच्या थंडीत तो भाचीच्या लग्नाला गेला, तेव्हा आत्याबाईंनी मामंजींना देवाची शपथ घातली की थाप सोडायची नाही. नुसती शेगडी. माठ रुसलाच नाही. त्या विजयानं मामंजींकडं गेल्या. मामंजी म्हणाले, "तू गुपचूप यल्लव्वाला काहीतरी सांगितलं असशील." भांडण संध्याकाळपर्यंत.

किती बरं वाटायचं गं त्या घरात. भांडायचे तेसुद्धा असं, की दुसऱ्या दिवशी कशावरनं ते आठवायचं नाही.

मग मामंजी गेले. मास्तरांची बदली झाली. सूत घेऊन येणारे विणकर एकेक करून कमी झाले, पुडीचा निळा सगळ्यांना बरा वाटायला लागला. तरी एखाददुसरा यायचा, आणि त्या एखाददुसऱ्यासाठी आत्याबाई माठाला गूळ चारायच्या. अडुसष्ट साल असेल. शिवाप्पा एका दुपारी परसात आला. केस पांढरे झाले होते त्याचेही. उभाच राहिला.

"किती दिवस नाहीस?" आत्याबाईंनी विचारलं.

"ह्या वेळी कायमचं अक्का. पोरं कारखान्यात लागली, भट्टी कोण बघणार? जागा दिली विकून. उद्या विझवतो." आणि हळूच म्हणाला, "तुम्हाला आधी सांगायला आलो."

 मला वाटलं आत्याबाई आता शेगडी काढायला सांगतील. पण त्यांनी मला चहा ठेवायला सांगितला. शिवाप्पाला बसवून घेतलं, दोघांनी चहा घेतला, जुन्या जत्रांचं बोलले. तो गेल्यावर त्यांनी पदर खोचला. "नुसत्या शेगडीवर किती दिवस जगवायचा माठ? ये कस्तुरे, बादली घे."

मी म्हटलं, "आत्याबाई, तुमच्या भाच्याला येऊ दे कारखान्यातनं, तो उपसेल."

"तो कशाला? माझा आहे ना?"

दोघींनी उपसला. गटारात नाही टाकला, नारळाच्या मुळात घातला, बादली बादली करून. त्या रडतील असं मला वाटत होतं. मीच रडत होते, त्या नाही. तळाचं पाणी आलं तशी त्यांनी हात पुसले आणि भिंतीजवळ जाऊन वाकल्या. भिंतीच्या फटीतनं काळ्या मुंग्यांची रांग लागली होती, वर चढत होती.

"कस्तुरे," म्हणाल्या, "ह्या मुंग्या पण उबेलाच राहिल्या असतील ना गं इथं? उद्या भिंत गार पडली की जातील कुठं?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

"मग चल, सकाळी लवकर उठू. बघू."